गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे, ऊर्फ गोविंदराव टेंबे (५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार, गायक नट, नाटककार आणि संगीतविषयक लेखक होते. साथीचे वाद्य म्हणून मैफलीत मागे बसणाऱ्या पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील कलावंतांत त्यांची गणना होते. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या संगीत मानापमान या नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या. १९३२ सालच्या अयोध्येचा राजा या पहिल्या मराठी बोलपटाचे ते संगीतकार आणि नायक होते. ज्या वाद्याने त्यांना कीर्ती दिली, ते पेटीवादन त्यांनी उतारवयात पूर्णपणे सोडून दिले.

जडणघडण

टेंबे यांची जडणघडण कोल्हापूर संस्थानात झाली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूर हे कुस्तीप्रमाणेच नाटक आणि गायन यांचेही मोठे केंद्र बनले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ १८९५च्या सुमारास दरबारी गायक म्हणून तेथे आले आणि पुढे दीर्घकाळ कोल्हापुरात राहिले. गावात देवल क्लब ही गायनप्रेमींची संस्था होती. बाहेरगावचे गवई तेथे येत, मैफली रंगत आणि संगीताची चर्चाही होई. अभिजात संगीताशी टेंबे यांचा गंभीरपणे परिचय झाला तो या क्लबातच.

पेटी शिकवणारा रीतसर गुरू त्यांना लाभला नाही. ते वाद्य त्यांनी बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. त्या काळात यात नवल नव्हते. सारंगी किंवा बीन या वाद्यांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी होती. पेटी नुकतीच परदेशातून आलेली होती आणि तिला परंपरा नव्हती. त्यामुळे ती वाजवणाऱ्याला गवयांचे गाणे ऐकून आपला मार्ग आपणच काढावा लागे.

पेटीची पार्श्वभूमी

पेटी हे मुक्त पात्याचे वाद्य आहे. धातूची एक पातळ पाती एका टोकाला पक्की बसवलेली असते आणि दुसरे टोक मोकळे असते. भात्यातून आलेली हवा तिच्यावरून गेली की ती कंप पावते आणि स्वर निघतो. पातीची लांबी व जाडी यांवर स्वराची उंची ठरते. हे तत्त्व चीनमधील शेंग या तोंडाने फुंकण्याच्या वाद्यात फार पूर्वीपासून वापरात होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारागिरांनी त्यावरून अनेक नवी वाद्ये घडवली. इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन याने १८२९ साली घेतलेल्या पेटंटातून पुढे दोन्ही हातांत धरून वाजवण्याचे कॉन्सर्टिना हे षट्कोनी वाद्य विकसित झाले. त्याचे ट्रेबल, टेनर, बॅरिटोन असे प्रकार झाले. बॅरिटोन कॉन्सर्टिना ट्रेबलपेक्षा एक सप्तक खाली बोलते. १८४०च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमधील अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियम हे नाव देऊन पायाने भाता चालवण्याचे वाद्य तयार केले.

मिशनरी, लष्करी अधिकारी व व्यापारी यांच्याबरोबर ही वाद्ये भारतात आली. खुर्चीवर बसून पायाने हवा भरण्याची रचना भारतीय बैठकीला सोयीची नव्हती. कोलकात्यातील द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या १८७५ साली स्थापन झालेल्या पेढीने मागील बाजूस हाताचा भाता असलेली, जमिनीवर ठेवून वाजवण्याची पेटी प्रचारात आणली. एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या, अशी ही मांडणी होती. तिने दोन्ही हातांनी वाजवण्याची युरोपीय पद्धत मोडली. स्वरसंवादाऐवजी एकेरी स्वरावलीवर भर देणाऱ्या भारतीय संगीताला तेवढे पुरेसे होते.

महाराष्ट्रात पेटीचा प्रसार विशेषतः रंगभूमीमुळे झाला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल सादर केल्यानंतर संगीत नाटक मंडळ्यांची संख्या वाढत गेली. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात नटाला आधार देईल आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा भरदार स्वर हवा होता. पेटी आणि तिच्या जोडीला आलेले पायपेटीच्या जातीचे ऑर्गन यांनी ही गरज भागवली.

भास्करबुवांचा सहवास

टेंबे यांच्या सांगीतिक आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन भिन्न परंपरांतील गुरूंकडून विद्या मिळवलेल्या बखले यांची साथ टेंबे यांनी पेटीवर केली आणि त्यांच्याकडूनच तालीम घेतली. अल्लादियाखाँ यांच्याकडे ते प्रत्यक्ष शिकले नाहीत. त्या गायकीचे मर्म त्यांना मुख्यतः बखले यांच्यामार्फत उमगले.

साथ करणाऱ्याला गवयाची पुढची जागा ओळखावी लागते, पण त्याच्या पुढे जाता येत नाही. या शिस्तीचा टेंबे यांच्या वादनावर खोल परिणाम झाला. गायकाच्या गळ्यातून आलेली आकृती पट्ट्यांवर कशी उतरवायची, हाच त्यांच्या वादनाचा मुख्य प्रश्न राहिला. पुढे ते स्वतंत्र वादनासाठी प्रसिद्ध झाले, तेव्हाही त्यांच्या पेटीत गायकी अंग प्रधान होते.

उत्तरेत ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीसाठी पेटीचा विलक्षण परिणामकारक वापर केला होता. ठुमरी, दादरा, कजरी या पूरब अंगाच्या गायनप्रकारांचे टेंबे यांनाही मोठे आकर्षण होते. ख्यालाची शिस्त आणि ठुमरीचा लडिवाळपणा या दोन्हींची त्यांना असलेली जाण त्यांच्या नाट्यसंगीतात एकत्र आली.

संगीत मानापमान

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे संगीत मानापमान हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी संगीत नाटकांतील पदांच्या चाली बहुधा नाटककारच निवडत असत. साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावण्या, कानडी व पारशी रंगभूमीवरील लोकप्रिय चाली यांच्या वजनावर पदे रचली जात. मानापमानच्या वेळी चालींची जबाबदारी स्वतंत्रपणे टेंबे यांच्याकडे सोपवण्यात आली. नाटककार आणि संगीतरचनाकार या दोन भूमिका वेगळ्या होण्याच्या दृष्टीने ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

टेंबे यांनी या नाटकासाठी रागदारी बंदिशींबरोबरच पूरब अंगाच्या चालींचा मुक्तपणे उपयोग केला. गायक नटाला विस्ताराला वाव मिळेल, पण पदाचा नाट्यप्रसंगाशी असलेला संबंध तुटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पहिल्या प्रयोगात भामिनीची भूमिका बालगंधर्वांनी, धैर्यधराची नानासाहेब जोगळेकर यांनी आणि लक्ष्मीधराची गणपतराव बोडस यांनी केली. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले होते. तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही.

मानापमानची पदे नाट्यगृहाबाहेर मैफलीत व घरोघरी गाइली जाऊ लागली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत संयुक्त मानापमानचा प्रयोग झाला. त्यात केशवराव भोसले यांनी धैर्यधराची आणि बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. पहिल्या प्रयोगानंतर दहा वर्षांनी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे आघाडीचे नट एकत्र येण्यासाठी निवडले गेलेले नाटक मानापमान असावे, यावरून त्याच्या संगीताचे स्थान लक्षात येते.

नाटक मंडळ्या

१९११ मध्ये जोगळेकर यांच्या निधनानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीतील मतभेद वाढले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. आतापर्यंत पेटीवादक आणि रचनाकार असलेले टेंबे येथे मालकांपैकी एक झाले. या भागीदारीत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९१५ साली त्यांनी गंधर्व मंडळी सोडली आणि शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली.

शिवराज मंडळीत ते नट, नाटककार आणि संगीतरचनाकार अशा तिन्ही नात्यांनी वावरले. पट-वर्धन, वरवंचना आणि तुलसीदास ही त्यांची नाटके होत. तुलसीदास या नाटकातील त्यांच्या पदरचना पुढील काळातही मैफलीत गाइल्या गेल्या.

मंडळीचा मालक असणे ही त्या काळी मोठी जोखीम होती. नट, साथीदार, स्वयंपाकी व रंगमंचावरील कामगार यांचा मोठा बिऱ्हाडा घेऊन गावोगाव फिरावे लागे. पडदे, पोशाख आणि वाद्ये यांत बरीच रक्कम गुंतलेली असे. एखादा मुक्काम पडला किंवा मुख्य नटाचा आवाज बसला, की सर्व हिशेब कोलमडत. बोलपट आल्यावर तर भल्याभल्या मंडळ्यांना तग धरणे अवघड झाले. या स्थित्यंतरात टेंबे रंगभूमीकडून चित्रपटाकडे वळले.

बोलपट

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली अयोध्येचा राजा हा बोलपट प्रदर्शित केला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते. टेंबे यांनी राजा हरिश्चंद्राची भूमिका केली आणि चित्रपटाला संगीतही दिले. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. त्यावेळी टेंबे पन्नाशी ओलांडलेले होते.

त्या काळात पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे आणि साथीदार चौकटीबाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसून वाजवत. गाणे आणि अभिनय एकाच वेळी साधणाऱ्या रंगभूमीवरील कलावंतांना त्यामुळे सुरुवातीच्या बोलपटांत विशेष मागणी होती. रंगभूमीवर पद कितीही वेळा पुन्हा घेता येई. चित्रपटात ते काही मिनिटांत संपवणे भाग होते. या मर्यादेत चाल बांधण्याचे काम मराठीत सर्वप्रथम ज्यांच्या वाट्याला आले त्यांत टेंबे अग्रस्थानी होते.

त्याच वर्षीच्या मायामच्छिंद्र या चित्रपटात त्यांनी मच्छिंद्रनाथाची भूमिका केली आणि संगीतही दिले. अग्निकंकण (१९३२), सिंहगड (१९३३) आणि सैरंध्री (१९३३) हे प्रभातचे चित्रपटही त्यांच्या संगीताने सजले. १९३३ साली प्रभात कंपनी पुण्यास गेली. १९३४ सालच्या अमृतमंथनपासून तेथील संगीताची सूत्रे केशवराव भोळे यांच्याकडे आली.

पेटीविषयीचा वाद

टेंबे यांचे वादन भरात असतानाच पेटीविरुद्ध गंभीर आक्षेप घेतले जात होते. पहिला आक्षेप मींडेचा होता. गळा किंवा सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र काहीच नसते. दुसरा आक्षेप श्रुतींचा होता. पाश्चात्त्य समविभागी सप्तकानुसार जुळवलेल्या पेटीचे गांधार, धैवत इत्यादी स्वर तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत. अशा पेटीच्या सतत साथीने गवयाचा कान बिघडतो, असे अनेक जाणकारांचे मत होते.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रातच झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या मोजमापावर १९१० साली ग्रंथ लिहिला. या प्रयोगांना उस्ताद अब्दुलकरीमखाँ यांचे साहाय्य लाभले. देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. १९१६ सालच्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, पण ती सर्वमान्य झाली नाही आणि प्रचारातही आली नाही.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम वर्ज्य केली. ही बंदी टेंबे यांच्या हयातीत उठली नाही. ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. बंदीच्या काळातही मैफली, नाटके, कीर्तने आणि भजने यांतून पेटी वाजत राहिली.

वय वाढत गेले तसे टेंबे यांनी पेटीवादन सोडून दिले आणि रचना, लेखन व चिंतन यांकडे अधिक लक्ष वळवले. मराठी संगीताच्या इतिहासात या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. पेटीला गायकीच्या जवळ नेण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांनीच शेवटी ती बाजूला ठेवली. त्यांनी घडवलेला मार्ग मात्र त्यांच्याबरोबर थांबला नाही.

लेखन आणि संगीतिका

टेंबे यांचे माझा संगीत व्यासंग (१९३९) आणि माझा जीवनविहार (१९४८) हे ग्रंथ मराठी संगीतविषयक साहित्यात महत्त्वाचे मानले जातात. पहिल्यात त्यांच्या सांगीतिक शिक्षणाचा व श्रवणाचा आलेख आहे, तर दुसरा आत्मचरित्रात्मक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे गवई, गायिका, नाटक मंडळ्या आणि आश्रयदाते यांची प्रत्यक्ष पाहिलेली माहिती त्यांत मिळते. ध्वनिमुद्रण दुर्मिळ असलेल्या काळातील गायकी समजून घेण्यासाठी अभ्यासक या लेखनाचा आधार घेतात. कल्पना संगीत हा त्यांचा आणखी एक ग्रंथ होय. अल्लादियाखाँ यांचे मराठी चरित्रही त्यांनी लिहिले.

संपूर्ण कथानक गायनातून मांडणाऱ्या संगीतिकेच्या प्रकारातही त्यांनी प्रयोग केले. महाश्वेता आणि जयदेव या त्यांच्या संगीतिका आकाशवाणीवरून प्रसारित झाल्या. ज्या माध्यमाने पेटीला दार बंद केले होते, त्याच माध्यमातून टेंबे यांची रचनाकार म्हणून ओळख नव्या श्रोत्यांपर्यंत पोचली. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन आणि तुळशीदास बोरकर यांच्या वादनातून महाराष्ट्रातील पेटीची परंपरा पुढील पिढ्यांत समृद्ध झाली. पु. ल. देशपांडे हेही उत्तम पेटीवादक होते. स्वतंत्र पेटीवादनाचा कार्यक्रम ही आज सर्वपरिचित गोष्ट आहे.

अभिजात संगीताबाहेर पेटीचा विस्तार त्याहून मोठा आहे. वारकरी भजनात टाळ-पखवाजाबरोबर आणि संगीत बारीत ढोलकी-तबल्याबरोबर ती वाजते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत भजनी मंडळे आणि तमाशा या दोन्ही परंपरा जोमाने टिकून आहेत. तमाशापंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावात यात्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी देण्यासाठी तेथे येतात.

टेंबे यांच्या काळातील पेट्यांना आजही वादकांत मागणी आहे. पॅरिसच्या किंवा जर्मन बनावटीच्या पात्या असलेल्या जुन्या पेट्या नाटक मंडळ्यांचे वारस, जुनी घरे आणि दुरुस्ती करणारे कारागीर यांच्याकडे शोधल्या जातात. क्वचित नव्या पेटीच्या बदल्यातही त्या घेतल्या जातात. सामान्यतः पात्यांचे खर्ज, नर आणि मादी असे संच असतात. खर्जाचा संच एक सप्तक खाली बोलतो आणि पेटीला गांभीर्य देतो. अशी पेटी पारखताना भात्यातून हवा गळते का, पात्यांना गंज चढला आहे का, लाकूड तडकले आहे का आणि पूर्वी स्वर जुळवताना पात्या अतिरिक्त घासल्या गेल्या आहेत का, हे पाहिले जाते. भाता, पट्ट्या व लाकूड बदलता येते. मूळ पाती एकदा तुटली की तिच्या जोडीची पाती मिळणे कठीण असते. त्यामुळे एका जुन्या पेटीच्या पात्या काढून दुसरी पेटी जिवंत ठेवण्याची पद्धतही कारागिरांत आहे.